टंच, घट आणि लंगोट

कोल्हापूरकडच्या हुपरीत हिशेबाला कुणी भीत नाही. चांदी काट्यावर मोजून घ्यायची, आटवायची, तार ओढायची, कड्या वळायच्या, डाग द्यायचा, घुंगरू लावायचे, उजळायचे आणि पैंजण झाले की पुन्हा काट्यावर ठेवायचे. या सगळ्या प्रवासात टंच, म्हणजे चांदीचा कस, किती होता, घट किती गेली आणि हातात मजुरी किती उरली, हे इथला चांदी उत्पादक कागद-पेन्सिल न घेता सांगतो. कारखान्यातला केरसुद्धा इथे बाहेर टाकत नाहीत, कारण केरातही चांदी असते. किलोचा भाव लाखाच्या वर गेल्यापासून तर झाडणाऱ्याकडे मालक जरा जास्तच प्रेमाने बघतो.

अशा गावात, तीन पिढ्या चांदीत मुरलेल्या घरातली सगळी शहाणी माणसे सोप्यात एकत्र बसली आणि जन्माला यायच्या एका बाळाला लंगोट किती लागतील, हे त्यांना ठरवता आले नाही.

मी त्या घराचा जावई. जावयाला सासरी मत विचारतात, पण ते चहाच्या कपाबरोबर उचलून आत नेतात. त्यामुळे मला सगळे नीट बघायला मिळाले.

वादाला सुरुवात बायकोच्या भाचीने केली. ती पुण्यात नोकरी करते. पहिले बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात माहेरी आली ती लॅपटॉप घेऊन, आणि लॅपटॉपमध्ये तक्ता घेऊन. तक्त्यात कापडी लंगोट २४, त्यावरून घालायच्या न भिजणाऱ्या चड्ड्या ६, दुपटी १०, झबली ८ अशी यादी होती आणि प्रत्येक ओळीपुढे रंग भरलेला होता. तिने ती आजीला, म्हणजे आमच्या सासूबाईंना, वाचून दाखवली. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "यातलं काय बी आत्ता आणायचं न्हाई. लेकरू यायच्या आधी त्याचं कापड घरात येत न्हाई."

"आजी, मग ऐन वेळी काय करायचं?"

"ऐन वेळी मी हाय की. मी बघतो."

(कोल्हापूरकडची बाई 'मी बघतो' म्हणाली की व्याकरण बघायचे नसते, विषय संपला असे समजायचे असते.)

आता ही रीत महाराष्ट्रात बऱ्याच घरांत आहे आणि तिला हसण्यात अर्थ नाही. पण तिच्यात एक पळवाट पहिल्यापासून ठेवलेली आहे, ती फक्त बायकांना ठाऊक असते. नवे आणायचे नाही, पण जुने साठवायला कुणी बंदी केली आहे? बाळाच्या अंगाला पहिले कापड लागते ते जुनेच, शेकडो वेळा धुऊन मऊ झालेले. सासूबाईंनी ट्रंकेच्या तळातून एक गाठोडे काढले. त्यात थोरल्या आजींचे, म्हणजे त्यांच्या सासूचे, एक नऊवारी सुती लुगडे आणि एक धोतर होते. भाची तक्ता रंगवत होती तेव्हा तिच्या आजीकडे कच्चा माल तयार होता.

कच्चा माल म्हटल्यावर आमचे सासरे जागे झाले. त्यांनी मोजपट्टी मागवली. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. पन्हा ४६ इंच. एका लंगोटाला २३ इंचांचा चौकोन धरला तर आडवे दोन आणि उभे चौदा, म्हणजे अठ्ठावीस लंगोट. "अठ्ठावीस!" असे म्हणून त्यांनी विजयाने माझ्याकडे बघितले. सासूबाईंनी लुगडे उजेडाला धरले. कासोट्याच्या जागी आणि बसून बसून विरलेल्या भागात पलीकडचा कोनाडा स्वच्छ दिसत होता. "ह्यातली घट धरा की," त्या म्हणाल्या. घट धरून एकोणीस निघाले. चांदीत एवढी घट कुणी दाखवली असती तर त्याला पुन्हा काम मिळाले नसते.

खरी अडचण इथून पुढे आहे आणि तिच्याविषयी कुणी बोलत नाही. नऊवारी नेसणाऱ्या आज्या आणि धोतर नेसणारे आजोबा ही महाराष्ट्रातल्या लंगोटांची मुख्य खाण होती. वापरणाऱ्याने वीस वर्षे ते कापड मऊ करायचे आणि मग पुढच्या पिढीच्या बुडाखाली द्यायचे, असा तो सरळ व्यवहार होता. आता आजी घरात गाऊन घालते आणि लग्नाला शिफॉन नेसते. आजोबा टेरिकॉटच्या पँटीत असतात. टेरिकॉटचा लंगोट पाणी शोषत नाही, नुसते बाजूला सारतो. पुढच्या पिढीच्या बाळांनी जन्माला येऊन मागावे तरी काय? आजोबांची ट्रॅकपँट?

आणि गंमत म्हणजे हे सगळे कुठे, तर इचलकरंजीच्या कुशीत. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून त्या गावाने कापड विणायचे थांबवलेले नाही. मलमल, पॉपलिन, कॅम्ब्रिक, धोतर, म्हणाल ते. हुपरीहून गाडीला एक किक मारली की इचलकरंजी. पण आणायचे नाही असे ठरलेले! भाची रोज संध्याकाळी अंगणात येरझाऱ्या घालायची आणि इचलकरंजीच्या दिशेने बघायची.

बाळ जुलैत आले. मुलगी. वजन पावणेतीन किलो. ही बातमी सासऱ्यांनी "दोन किलो सातशे पन्नास, नेट" अशी फोनवर सगळ्यांना दिली.

तान्ह्या बाळाचे वेळापत्रक पुस्तकात असते तसे नसते. डॉक्टर सांगतात की पहिला आठवडा सरल्यावर बाळाने दिवसातून निदान सहा वेळा शू केली म्हणजे दूध पुरते आहे असे समजा. यातला 'निदान' हा शब्द डॉक्टर हळू उच्चारतात. अंगावर पिणारी काही बाळे दर पाजण्यानंतर शीसुद्धा करतात आणि त्यात वावगे काही नसते. म्हणजे दिवसाकाठी दहा-बारा लंगोट सहज होतात. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरल्या पातळीला आले की ते आपले आपण उघडतात, कुणाला कळ दाबावी लागत नाही. बाळाचे तंत्र अगदी तेच. फरक एवढाच की राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेला ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी नेमून दिलेली आहे. बाळाला इशारा पातळी नाही. पाहुण्याने मांडीवर घेतले आणि "कुणासारखी दिसतीया बघू" म्हटले, की धोका पातळी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सासऱ्यांना हे सगळे फार ढिसाळ वाटू लागले. मेव्हण्याच्या मुलाने, म्हणजे बाळाच्या मामाने, शास्त्रीय पद्धत सुचवली. कारखान्यातला मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आत आणला गेला. कोरडा लंगोट ठेवला. तीस ग्रॅम. मग सगळे पाळण्याभोवती बसून राहिले. एवढ्या आतुरतेने मी या घराला चांदीच्या भावाचीही वाट बघताना पाहिलेले नाही. काम झाले. तोच लंगोट पुन्हा काट्यावर. चोपन्न ग्रॅम. सासरे बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पन्नास वर्षं धंदा केला, पण दिलेल्यापेक्षा जास्त वजन भरून माल परत आलेला पहिल्यांदा बघतोय. ह्यात घट न्हाई ओ, वाढ हाय."

सासूबाईंनी तो काटा नंतर गोमूत्राने पुसून शुद्ध केला. यातली मौज मी एकट्यानेच घेतली. जावयाने सासरी सगळ्याच गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

आता मूळ आकड्याकडे येऊ. लंगोट किती? या प्रश्नावर घरात जुने वैर होते. सासूबाई म्हणत, दीड डझन पुष्कळ होतात. त्यांच्या थोरल्या जाऊबाई म्हणत, चार डझनांखाली भागत नाही. दोघींनी आपापली तीन-तीन बाळंतपणे काढलेली, त्यामुळे दोघींचे म्हणणे अनुभवाचे. हा वाद तीस-चाळीस वर्षे चालू होता आणि त्यात 'माझी पोरं स्वच्छ होती' इथपासून 'काहींना घाणीतच बरं वाटतंय' इथपर्यंत सगळे बोलून झाले होते.

भाचीने बाजेवर पडल्या पडल्या दोघींना एकच प्रश्न विचारला, की तुमची पोरे कुठल्या महिन्यातली? सासूबाईंची मार्च, एप्रिल आणि मे. थोरल्या जाऊबाईंची दोन आषाढातली, एक श्रावणातले.

म्हणजे दोघी खरे बोलत होत्या. उन्हाळ्यात हुपरीच्या गच्चीवर टाकलेला लंगोट, खाली उतरून पाणी पिऊन वर जाईपर्यंत कडक वाळतो. सकाळचा लंगोट दुपारी पुन्हा सेवेत हजर. पावसाळ्यात तोच लंगोट दोन-दोन दिवस दोरीवर लोंबकळत राहतो. गगनबावड्याइतका पाऊस हुपरीत पडत नाही हे मान्य, पण झड लागली की हवा ओली होते आणि ओल्या हवेत कापड सुकत नाही, नुसते विचार करत बसते. रोजचे बारा आणि सुकायला दोन दिवस, म्हणजे चोवीस दोरीवर. अंगावरचे, हाताशी ठेवलेले आणि बादलीत भिजणारे मिळून आणखी बारा. झाले तीन डझन. ज्या आकड्यासाठी सगळे घर बाळाकडे बघत होते, तो आकडा बाळाकडे नव्हताच, दोरीवर होता. तक्त्यात २४ लिहिणाऱ्याने तो बहुतेक एप्रिलमध्ये लिहिला असावा.

आपल्या आज्यांनी पावसाळ्याला उत्तर शोधलेले होते. बाळंतिणीच्या शेकाची शेगडी तशीही पेटलेलीच असते. तिच्यावर वेळूचे डालगे पालथे घालायचे, त्यावर लंगोट पसरायचे, आणि निखाऱ्यावर चिमूटभर ओवा-वावडिंग. लंगोट तासाभरात सुकतो, ऊबदार होतो आणि त्याला जो वास येतो तो आयुष्यभर बाळाचा वास म्हणून लक्षात राहतो. फक्त एकाने डालग्यापाशी बसायला हवे. ते काम जावयाला दिले तर लंगोटाच्या कडा तपकिरी होतात, असे घरात म्हणतात.

याच डालग्याने चड्ड्यांचा प्रश्न ऐरणीवर आणला. लंगोटावरून घालायच्या त्या न भिजणाऱ्या चड्ड्या भाचीने बाळ झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मागवल्या. (मोबाइलवरून. आता बंदी उठली होती.) त्यांवर हत्ती, केळी आणि ढग छापलेले होते. बाहेरून कापड, आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर, कमरेला टिचबटणांच्या दोन रांगा. सासूबाईंनी हात लावून बघितले आणि मत दिले, की हे जुने मेणकापडच आहे, फक्त शिकलेले. मग धुऊन त्यातल्या दोन त्यांनी डालग्यावर टाकल्या. थर आक्रसला, हत्तीची सोंड वर ओढली गेली आणि सहाच्या चार झाल्या. घट तेहतीस टक्के. तेव्हा ध्यानात ठेवा, असली चड्डी निखाऱ्यावर, इस्त्रीखाली किंवा उकळत्या पाण्यात चालत नाही. सावलीतल्या वाऱ्याला ती आपणहून लवकर सुकते.

मेणकापडाचे हे शिक्षण झाले अमेरिकेत. मॅरियन डोनोव्हन नावाच्या बाईला पोरीच्या ओल्या चादरी बदलून बदलून कंटाळा आला, तेव्हा तिने न्हाणीघराचा पडदा काढला, शिवणयंत्रावर घेतला आणि लंगोटावरची चड्डी शिवली. पुढे पॅराशूटचे नायलॉन वापरले आणि सेफ्टी पिनेच्या जागी टिचबटणे लावली. कारखानदारांनी नाके मुरडली, पण १९४९ साली न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ अव्हेन्यू या दुकानात तो माल लागला आणि १९५१ साली पेटंट मिळाले. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी एवढेच विचारले, की न्हाणीचा पडदा काढल्यावर घरातली माणसे आंघोळ कशी करत होती.

चड्ड्यांचा हिशेब लंगोटांसारखाच, पण एक पायरी कमी. लंगोट दर खेपेला बदलावा लागतो. चड्डी नुसत्या शूला बदलत नाहीत, आतून पुसायची, वारा द्यायचा आणि पुढच्या लंगोटावर पुन्हा चढवायची. तीन-चार लंगोटांमागे एक चड्डी पुरते. शी लागली की मात्र ती थेट बादलीत. म्हणजे दिवसाला तीन-चार, आणि धुण्या-वाळण्याचा एक दिवस धरून सहा ते आठ. त्यातही घरात बाळ मेणकापडावर निजलेले असले की जुन्या बायका चड्डी घालूच देत नाहीत. "उबाळतंय लेकरू," म्हणतात. ते अगदी चुकीचे नाही. ओल आत कोंडून राहिली की पुरळ येते, म्हणून चड्डी असली तरी आतला लंगोट ओला झाला की बदलावाच लागतो. चड्डी पाहुण्यांच्या कपड्यांसाठी असते, आईच्या आळसासाठी नाही, हे वाक्य सासूबाईंचे. ते भाचीने अजून माफ केलेले नाही.

आणखी एक. 'सगळ्या मापांना बसते' असे लिहिलेली चड्डी बहुधा पाच किलोपासून पुढे बसते. आपली बाळे जन्मतात अडीच-तीन किलोची. पहिले दोन-अडीच महिने त्या चड्डीत बाळाबरोबर त्याची बाहुलीही मावते आणि मांडीच्या फटीतून जे यायचे ते येतेच. पाचव्या महिन्याच्या आसपास वजन जन्माच्या दुप्पट होते, तेव्हा ती चड्डी खरी कामाला येते. तोवर आपला तिकोनी लंगोट, नाहीतर सुती पट्टा करदोट्यात मागे-पुढे खोचून. हुपरीच्या चांदीचा बाळाला पहिला खरा उपयोग होतो तो इथे. करदोटा दागिना म्हणून घालतात आणि कामाला येतो लंगोट अडकवायला.

वापरून फेकायचे हगीज घरात आलेच नाहीत असे नाही. रात्रीला आणि दवाखान्याच्या फेरीला सासूबाईंनी स्वतः ते मंजूर केले. दिवसा मात्र नाही. एक तर ते कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळे द्यायचे असतात, आणि ते गुंडाळायचे काम कुणाचे यावर पुन्हा जावयाकडे नजरा वळतात. दुसरे म्हणजे सासऱ्यांचा आक्षेप. जी वस्तू एकदा वापरून आटवता येत नाही, तिला ते मुळात माल मानत नाहीत.

मग बारसे झाले. हुपरीतले बारसे म्हणजे काय विचारता! प्रत्येक पाहुणा चांदीच्या धंद्यातला, निदान चांदीच्या गल्लीतला. रेंदाळचे आले, यळगूडचे आले, पट्टणकोडोलीचे आले आणि प्रत्येकाने ओटीत ठेवले ते वाळे. घुंगराचे, मण्यांचे, पोकळ, भरीव, मोराचे. एकाने बिंदल्या आणल्या तेव्हा सगळ्यांना वेगळे काही बघितल्याचा आनंद झाला. सासरे प्रत्येक जोड हातावर तोलत होते आणि टंच पुटपुटत होते. त्याच वेळी न्हाणीत भाचीची आई शेवटचा कोरडा लंगोट शोधत होती, कारण बाहेर पाऊस होता आणि दोरीवर तीसच्या तीस लंगोट ओले होते. मुलीच्या पायात सुमारे पाव किलो चांदी घालता आली असती. खाली घालायला काही नव्हते. शेवटी पाहुण्यांतल्या एका वृद्ध बाईंनी पिशवीतून आपला धुतलेला सुती टॉवेल काढून दिला. त्या दिवशीचा सगळ्यात किमती आहेर तो होता, पण यादीत त्याची नोंद झाली नाही.

सरकारचेही या बाबतीतले मत बघण्यासारखे आहे. चांदीच्या दागिन्यांवर जीएसटी ३ टक्के. बाळाच्या डायपरवर ५ टक्के, आणि तोही २२ सप्टेंबर २०२५ पासून. त्याआधी १२ होता. म्हणजे वाळे घालणे ही गरज आणि कोरडे राहणे ही चैन, असा काहीसा हिशेब दिल्लीतही लागलेला दिसतो.

तर आता आकडा. पावसाळ्यातले बाळ असेल तर लंगोट तीन डझन, उन्हाळ्यातले असेल तर दीड डझन पुरेत, आणि थंडीतल्याला दोन. वरच्या चड्ड्या सहा, घरात डालगे असेल तर आठ, आणि त्या बाळ पाच किलोचे झाल्यावर घ्या. आजीची सुती लुगडी भांडीवालीला देऊ नका. दोरी पागोळीच्या आत, वारा लागेल अशी, आठव्या महिन्यातच बांधून ठेवा, दोरीला बंदी नाही. आणि बारशाला हुपरीला येणार असाल तर कृपा करून वाळे आणू नका, ते इथे घरोघरी होतात. येताना इचलकरंजीला उतरा आणि मलमलीचा एक तागा घेऊन या.